बोटभर उतार

काकांच्या वर्कशॉपमधून कुठलीही वस्तू बाहेर पडायची, तर तिच्यावर आधी काका उभे राहायचे. टेम्पोची बॉडी असो, दुकानाची शिडी असो, नाहीतर शाळेच्या बाकाला जोडलेला नवा पाय असो. चपला बाजूला काढून ठेवायच्या, वर चढायचं आणि हाक मारायची, "चहा आण रे!" मग त्या वस्तूवर उभ्याउभ्या अख्खा ग्लास संपवायचा. फुंकर मारत, रस्त्यावरच्या गाड्या बघत, जराही घाई न करता. चहा संपेपर्यंत काही कुरकुरलं नाही तर माल पास. गिऱ्हाईक खाली ताटकळत उभं.

एकदा एक बाई मोडका चौरंग घेऊन आल्या. काकांनी नवे पाय लावले आणि सवयीप्रमाणे वर चढले. बाई ओरडल्याच, "अहो, त्याच्यावर गणपती बसायचाय आमचा!"

"म्हणून तर चढलोय. गणपती काय हलका असतो काय?"

"पण पाय लावताय तुम्ही..."

"चपला काढल्यात ना मी," काका म्हणाले आणि पुढचा घोट घेतला.

"ज्याच्यावर आपण उभं राहू शकत नाय, ते दुसऱ्याला कशाला द्यायचं?" हे त्यांचं वाक्य मी इतक्या वेळा ऐकलं की आता दक्षिणेत, जिथे आसपास कुणालाही मराठी येत नाही तिथे, काम करता करता ते माझ्या तोंडून निघतं आणि शेजारचा माणूस माझ्याकडे बघत राहतो.

वर्कशॉप महाडहून पोलादपूरकडे जाताना रस्त्याला लागूनच. काका मूळचे तुडीलचे, सावित्रीकाठी भाताची शेती. टेम्पोच्या बॉड्या बांधणं हा धंदा आणि बाकी सगळं नाद. मी महाडला पोचलो तो थेट हिंगोलीकडून. सातवीनंतर शाळा सुटली होती. एका ठेकेदाराने आम्हा आठजणांना कारखान्यातल्या टाक्यांना आतून फायबर लावायला आणलं, काम निम्मं झालं आणि त्याने फोन उचलणं बंद केलं. सातजण परत गेले. मला रिकाम्या हाताने परत जायची भीती वाटली. राहायचीही वाटत होती, पण जायची जास्त वाटली, म्हणून राहिलो. तेव्हा मी सव्वीस वर्षांचा होतो, आणि घाबरायला वय लागत नाही.

"काय येतं तुला?" काकांनी विचारलं.

"तुम्ही सांगाल ते."

"म्हंजे काय नाय येत." त्यांनी दोन पाइपांचे तुकडे पुढे टाकले. "जोड."

मी जोडले. काकांनी जोड दोन विटांवर टेकवला, चपला काढल्या, चढले, चहा मागवला. त्या एका ग्लासाएवढा लांब वेळ मी आयुष्यात पाहिला नव्हता. खाली उतरून म्हणाले, "मागं खोली हाय. राहा." झाली नोकरी. मागच्या खोलीत माझी पिशवी गेली आणि काकूंच्या हातची तांदळाची भाकरी माझ्या ताटात आली. ज्वारीवर वाढलेल्या माणसाला ती पहिल्या दिवशी भाकरी वाटलीच नाही. आता तिच्यासाठी जीव तुटतो.

मला ते ससा म्हणत. रस्त्यावर एखादा ट्रक जोरात ब्रेक मारायचा आणि माझ्या हातातला पाना पडायचा. "काय रे सश्या, तुला पकडायला नाय आला तो." कुणी काही बोललं की मला वाटायचं, आता काढणार. काका गप्प बसले की खात्रीच व्हायची. आणि ते दिवसातून बराच वेळ गप्पच असत.

वर्कशॉपची एक भिंत बघण्यासारखी होती. मोठ्या पुरात कुणाकुणाच्या घरातून वाहत आलेल्या वस्तू काकांनी त्या भिंतीवर टांगून ठेवल्या होत्या. एक परात, झोपाळ्याची फळी, कुणाच्या तरी लग्नाचा पाट, दाराचं एक फळकूट. खाली काळी पाण्याची टाकी. येणाऱ्या प्रत्येकाला ते विचारत, "तुमचं काय हाय काय यातलं?" पाट एकजण घेऊन गेला तेव्हा आधी दोघंही त्याच्याशेजारी नुसते बसून राहिले. टाकी मात्र कुणीच ओळखली नाही.

त्या पुराने वर्कशॉपमध्ये गुडघाभर चिखल ठेवला होता म्हणे. तो काढून झाल्यावर काकांनी जुनी फरशी उखडून स्वतःच्या हाताने नवी केली. दर शनिवारी ती धुवायची. एक बादली मागच्या भिंतीशी ओतली की पाणी आपल्या पायांनी चालत गेल्यासारखं दारातून बाहेर जायचं. खराटा नावाला. मी ते प्रत्येक शनिवारी बघत होतो. बघत होतो, एवढंच.

काकांची भाची मुंबईत नोकरीला. तिने एक जुनी छोटी मोटार घेतली होती आणि सुट्टीच्या दिवशी शर्यतीच्या ट्रॅकवर पळवायचा तिला नाद होता. मामाचीच भाची. एका रविवारी ती गाडी घेऊन आली आणि मोबाइलवर फोटो दाखवायला लागली.

"मामा, हे बघ. ह्याला स्प्लिटर म्हणतात. पुढच्या बंपरखाली अशी आडवी फळी असते. स्पीडला वारा गाडीचं नाक वर उचलतो ना, ही ते खाली दाबून धरते. सगळ्यांची कार्बन फायबरची असतात, पण आपलं तेवढं बजेट नाही."

"कार्बन म्हंजे कोळसाच ना गो?"

"मामा, प्लीज!"

काकांनी फोटो उलटासुलटा करून पाहिला. मग म्हणाले, "फाळ हाय हा."

"कसला फाळ?"

"नांगराचा. टोक अंमळ खाली असलं तर जमिनीत शिरतो. टोक वर झालं तर नांगर उपटून येतो नि बैल नुसतेच पळतात. मग भले कितीक जोर लाव." त्यांनी फोन तिला परत दिला. "पुढं अर्धं बोट खाली ठेवायचा. करू."

ती माझ्याकडे बघून हळूच म्हणाली, "भाऊ, खरंच जमेल ना यांना?" मला कुणी मत विचारलं की घाम फुटतो. मी मान हलवली, ती कुठल्या दिशेने हलली कोण जाणे.

दुसऱ्या दिवशी काकांनी मला टेम्पोत बसवलं आणि पोलादपूरच्या रस्त्याला लागले. माझ्या हातात भाताच्या टोपाचं झाकण दिलं. "खिडकीबाहेर धर. आडवं. आता टोक जरा वर कर... काय होतंय?" झाकण हात घेऊन वर उडालं. "आता खाली कर." हात असा दाबला गेला की कोपर दारावर आपटलं. "कळलं?" काका खूश. "पुस्तकात हेच लिवलेलं असणार, फक्त जास्त पानांत." पोलादपूर येईपर्यंत त्यांनी मला वीस वेळा वर-खाली करायला लावलं. रस्त्यावरचे लोक हात हलवत होते. त्यांना वाटलं, मी टाटा करतोय. घरी काकू झाकण शोधत होत्या ते वेगळंच.

फळीसाठी प्लायवूड ठरलं. दुकानदाराने शिक्का दाखवला, उकळत्या पाण्यातही सुटणार नाही असं. काकांचा शिक्क्यावर विश्वास नाही. त्यांनी तीन दुकानांतून तीन तुकडे मागून आणले, दोरीला बांधले आणि मला घेऊन सव गावाला गेले, गरम पाण्याच्या कुंडावर. लोक अंग शेकत बसलेले आणि आमचे काका कडेला बसून पाण्यात दोरी सोडतायत. जसा काही गळ टाकलाय.

एक म्हातारी गुडघे पाण्यात सोडून बसली होती. "काय शिजवतोस रे?"

"फळी शिजवतोय गो मावशी."

"का? घरात डाळ संपली काय?"

"डाळ शिजली की कळतं. फळी शिजत नाय ना, हेच बघायचंय."

म्हातारीने माझ्याकडे बघितलं. "तू तरी शहाणा हायस काय?" मी म्हणालो, "नाही, मी ह्यांच्याकडेच कामाला आहे." काका इतके हसले की दोरी सुटता सुटता राहिली.

सकाळपासून दिवस मावळेपर्यंत आम्ही तिथे बसलो. दोन तुकड्यांचे चिरोट्यासारखे पदर सुटले. तिसरा जसाच्या तसा. काकांनी तो आधी दातांनी चावून पाहिला, मग जमिनीवर ठेवून त्याच्यावर उभे राहिले. म्हातारीने कपाळाला हात लावला.

मग काम सुरू झालं. माझ्या वाट्याला एक मानाचं काम आलं, कारण फायबर लावणं तेवढं मला येत होतं. फळीच्या कडा आणि दोन्ही अंगं मी फायबरचं कापड आणि रेझिन लावून बंद केली. बंपर आणि फळीमधली फट रबराने बुजवली. पुढचं टोक वर पेलून धरायला दोन सळ्या लागत होत्या. काकांनी जुन्या मोटरसायकलींचे ब्रेकचे रॉड काढले, टोकाला आटे, नट फिरवला की कमी-जास्त होणारे. खालून रस्त्याला घासली तर झिजायला पट्ट्या हव्या होत्या. काका त्या काळ्या टाकीपुढे जाऊन उभे राहिले. "लय वाट बघितली तुझ्या मालकाची," तिला म्हणाले आणि करवत मागितली. पट्ट्या कापून झाल्यावर उरलेली अर्धी टाकी त्यांनी पुन्हा भिंतीशी ठेवली. मालक आलाच तर दाखवायला.

मापं सगळी बोटांनी. गाडीचं तोंड दाराकडे. फरशीपासून फळीचा मागचा भाग साडेचार बोटं, पुढचा चार. मला आकडे असलेली पट्टी वाचायची भीती वाटायची, पण बोटांची त्याहून जास्त वाटली. बोटं काय, माणसागणिक वेगळी! आणि ही फळी घेऊन ती मुलगी त्या वेगाने जाणार.

काका फळीवर उभे राहिले. पुढच्या टोकावर, दोन्ही पाय जुळवून. चहा झाला. रॉड हूं नाही की चूं नाही. एकदा चहा झाला की काका त्या वस्तूकडे पुन्हा बघत नसत. दुसऱ्या दिवशी ते तुडीलला शेतावर गेले.

माझ्याकडे माझ्या वडिलांची पाणसळ होती. ते गवंडी होते. लाकडाच्या पट्टीत बसवलेली काचेची नळी, आत बुडबुडा. घरून आणलेली तेवढी एकच वस्तू. जगातल्या सगळ्या अवजारांत मला तिचाच आधार वाटायचा, कारण तिच्यात वाचायचं काही नसतं. बुडबुडा मधोमध आला की बरोबर, नाही आला की चूक. मी सहज ती फळीवर ठेवली. बुडबुडा पार मागे जाऊन बसला. अर्ध्या बोटाने एवढा जाणं शक्यच नव्हतं. म्हटलं, काकांची बोटं चुकली. त्यांना सांगायची हिंमत नव्हती आणि तसंच सोडायचीही नव्हती. मी रॉडचे नट फिरवत गेलो, पुढचं टोक वर घेत गेलो, बुडबुडा मधोमध येईपर्यंत. मग काकांचं अर्धं बोट म्हणून अंदाजाने किंचित खाली. मला वाटलं, आयुष्यात पहिल्यांदा आपण कुणाचं तरी भलं केलं, तेही न बोलता.

गाडी आमच्याकडे ठेवून गेलेली भाची शनिवारी सकाळी आली; काकाही तुडीलहून परतले होते. गाडी दक्षिणेतल्या ट्रॅकवर न्यायला सपाट हौद्याचा ट्रक दारात लागला. ती पाठीमागे काकूंकडे चहाला गेली, ड्रायव्हर दोऱ्या सोडत होता आणि मी, शनिवार म्हणून, मागच्या भिंतीशी बादली ओतली.

पाणी निघालं. गाडीच्या मागच्या चाकांखालून पुढच्या चाकांकडे, फळीखालून, दाराबाहेर. नेहमीसारखं, आपल्या पायांनी. आणि मी खराटा हातात घेऊन तसाच थिजलो.

बुडबुड्याचं बरोबर होतं. फरशी उतरती होती. गाडी तिच्यावर नाक खाली करून उभी होती, आणि मी फळी गाडीच्या नव्हे, आभाळाच्या हिशेबाने सरळ केली होती. सपाट रस्त्यावर गेली की तिचं टोक बोटभर वर. उलटा फाळ. वारा खालून शिरणार आणि ऐन वेगात गाडीचं नाक उचलणार. टेम्पोच्या खिडकीत उडालेलं झाकण मला हातात जाणवलं.

बाहेर ड्रायव्हर म्हणाला, "चला, चढवायची ना?"

बोललो तर नोकरी जाणार. खोली, भाकरी, सगळं. ठेकेदाराने तर माझी काही चूक नसताना वाऱ्यावर सोडलं होतं, इथे मी चुकलोच होतो. नाही बोललो तर... तेवढ्यात ती चहा संपवून, चावी बोटाभोवती फिरवत, हसत बाहेर आली.

"काका," मी म्हणालो, "मी फळी हलवलीय." मनात पिशवी भरूनच बोलत होतो. काका तुडीलला गेले तेव्हाचं सगळं सांगितलं.

भाचीची चावी फिरायची थांबली. "म्हणजे सरळ पट्ट्यात माझी गाडी पुढून हलकी झाली असती? स्टीअरिंग लागलंच नसतं? अरे, वळणावर काय केलं असतं मी?"

काकांनी हात पुढे केला. "बाटली आण तुझी." मी पाणसळ दिली. त्यांनी ती ओल्या फरशीवर ठेवली आणि उकिडवे बसून बुडबुड्याकडे बघत राहिले. मला त्या पहिल्या दिवसाचा चहा आठवला.

"बाटली बरोबर हाय," शेवटी म्हणाले. "फरशी वाकडी हाय. मी केलीय. पुन्हा चिखल आला तर धुवायला सोपं जावं म्हणून. तुला कुणी सांगितलं नाय, मीच सांगायला हवं होतं." उठताना गुडघ्यावर हात ठेवून पुढे म्हणाले, "पण सश्या, माझा चहा झाल्यावर नट फिरवलास नि पुन्हा कुणी त्याच्यावर उभं राहिलं नाय, ती मात्र तुझी चूक."

त्यांनी नट पुन्हा बोटांवर आणले. साडेचार, चार. ड्रायव्हरने हॉर्न वाजवला. "थांब रे! चहा व्हायचाय अजून," काका ओरडले आणि माझ्याकडे वळले.

"चपला काढ."

"मी?"

"मग कोण, तुझा ठेकेदार?"

मी फळीवर चढलो. फळी जराही कुरकुरली नाही. काका आत गेले आणि स्वतःच्या हाताने ग्लास घेऊन आले. इतकी वर्षं मी त्यांना नेऊन द्यायचो. मी प्यायलो, जीभ भाजली, तरी फुंकर मारत, सावकाश, संपेपर्यंत. भाची हाताची घडी घालून बघत होती.

"गो, हा येईल तुझ्यासंगती."

"मामा, हा? अरे, ह्यानेच तर..."

"म्हणून तर. एकदा चुकलेला माणूस दहादा वाकून बघंल. मी आलो तर बघणारच नाय. मला वाटणार, माझं बरोबरच हाय."

मी अजून फळीवरच होतो. रिकामा ग्लास हातात. तेव्हा रडलो असतो तर बरं झालं असतं, पण सुचलं नाही.

ट्रॅकवर मी दहादा नाही, शंभरदा वाकलो. गाडी जाण्याआधी आडवा झोपून बोटं लावायची, परत आली की पुन्हा. चपला काढून फळीवर उभा राहिलो तेव्हा पलीकडच्या गाडीवाल्यांनी मोबाइल काढले. पहिल्या फेरीला ती गेली आणि लांबच्या वळणाआड गाडीचा आवाज गायब झाला, तेव्हा मी देवाचं नाव घेतलं नाही. साडेचार, चार, एवढंच म्हणत होतो. मग आवाज पुन्हा आला. ती थांबली, हेल्मेट काढलं, केस घामाने चिकटलेले. "भाऊ! चिकटून पळतेय रे रस्त्याला!"

तिथल्याच एका वर्कशॉपवाल्याने फळीखाली डोकं घालून बराच वेळ पाहिलं आणि खुणेने विचारलं, कुणी केलं? त्यातून पुढे मला इथलं काम मिळालं. जाऊ की नको म्हणून मी आठ दिवस कुढलो आणि शेवटी काकांनीच पिशवी उचलून बसमध्ये ठेवली. पण ते सगळं नंतरचं. त्या दुपारी आधी काकांचा फोन आला. फोनवर ते इतके मोठ्याने बोलत, की मध्ये फोन नसता तरी चाललं असतं.

"पोरगी उतरली गाडीतून?"

"उतरली काका. हसतेय."

पलीकडे थोडा वेळ नुसत्या महाडच्या रस्त्यावरच्या गाड्या.

"फरशी कशी हाय रे तिथली? बघितलीस?"

"बघितली. आल्या आल्या आधी तांब्याभर पाणी ओतलं. एकदम सपाट आहे काका. पाणी जागच्या जागी उभं राहतं, कुठेच जात नाही."



"मग चिखल कुठून जातो रे त्यांचा?" काकांनी विचारलं.